नाम एक, रूपें अनेक

नांव ठेवल्यावांचून माणसाला चैन पडत नाहीं. मूल जन्मलें कीं बारशाची घाई, घर बांधलें कीं दारावर पाटी, आणि दुर्बिणींत एखादा नवा ठिपका दिसला कीं त्याला काय म्हणावें याची ज्योतिर्विदांत चर्चा. एकदां नांव दिलें म्हणजे ती वस्तु आपल्या ओळखीची झाली असें वाटतें. इतकेंच नव्हे, तर ती आपल्या ताब्यांत आली असाहि भास होतो. या भासापासून सावध राहा, असें मी तर्कशास्त्राच्या वर्गांत विद्यार्थ्यांना दर साल सांगत आलों आहें. त्यासाठीं माझ्यापाशीं एक ठरलेलें उदाहरण आहे, तें आंब्याचें. आंबा हें नांव हापुसालाहि आहे आणि रायवळालाहि आहे. पण घरांत आंबे आले एवढेंच ऐकून जो आमरसाचा बेत ठरवितो, त्याच्या वाटींत काय पडेल हें सांगतां येत नाहीं. वर्ग हंसतो, तास संपतो, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तोच आंबा मला परत मिळतो.

गेल्या वर्षा-दीड वर्षांत मात्र याच गोष्टीचें मला असें एक उदाहरण सांपडलें कीं, तें वर्गांत सांगतांना हंसूं येत नाहीं. तें बागेंतलें नसून वैद्यकशास्त्राच्या प्रयोगशाळेंतलें आहे. वर्तमानपत्रांतून व जाहिरातींतून आपण ज्यांना स्टेम सेल म्हणून ओळखतों, त्या मूलपेशींचा एक प्रकार आहे. त्यांना शास्त्रज्ञ मेसेन्कायमल मूलपेशी म्हणतात. हा विषय माझा नव्हे. तो मला कां वाचावा लागला तें पुढें ओघानें येईलच. आधीं विषयाची थोडी ओळख करून देतों.

हाडांच्या पोकळींत जी मज्जा असते तींत रक्त तयार होतें, हें शाळेंतल्या मुलालाहि माहीत असतें. पण रक्त निर्माण करणाऱ्या पेशींना राहावयास घर लागतें, टेंकावयास आधार लागतो. तो आधार देणाऱ्या पेशी निराळ्या. मॉस्को येथील अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत आपल्या सहकाऱ्यांसह या दुसऱ्या पेशींचा माग काढला. त्यांची युक्ति अगदीं साधी होती. मज्जा काढून ती पोषक द्रवांत घालून पात्रांत ठेवावयाची. रक्ताच्या पेशी द्रवांत तरंगत राहतात आणि द्रव बदलतांना निघून जातात. पण थोड्या पेशी, लाखांत एक किंवा फार तर दहा हजारांत एक, तळाला घट्ट चिकटून बसतात. त्या वाढूं लागतात, आणि एकेका पेशीपासून एकेक वसाहत उभी राहते. गिनीपिगाच्या मज्जेंतील व प्लीहेंतील अशा वसाहतींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७० सालचा आहे. या पेशी पुन्हां प्राण्याच्या शरीरांत रोंवल्या असतां तेथें हाड तयार होतें, हेंहि त्यांच्या प्रयोगांतून दिसून आलें.

१९९१ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील अर्नल्ड कॅप्लन यांनीं या पेशींचें बारसें केलें. गर्भामध्यें हाड, कूर्चा, मेद इत्यादि गोष्टी ज्या मधल्या सैल जाळीदार थरापासून बनतात, त्याला मेसेन्काइम म्हणतात. त्यावरून हें नांव. १९९९ सालीं पिटेंजर व त्यांचे सहकारी यांनीं माणसाच्या मज्जेंतील या पेशींपासून पात्रांतच हाडाच्या, कूर्चेच्या आणि मेदाच्या पेशी तयार करून दाखविल्या, तेव्हां या नांवाभोंवतीं मोठें वलय निर्माण झालें. गुडघ्याची कूर्चा झिजली, पेशी घाला. हृदयाचा स्नायु मेला, पेशी घाला. अशी आशा जगभर पसरली. मज्जेंत सांपडल्या तशा या पेशी पोटावरच्या चरबींत सांपडल्या, बाळाच्या नाळेंत सांपडल्या, दुधाच्या दातांच्या गाभ्यांतहि सांपडल्या. जेथें सांपडल्या तेथें नांव मात्र तेंच. त्याच १९९९ च्या निबंधांत एक बारीकशी गोष्ट नमूद होती, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. एकेका पेशीपासून वाढविलेल्या वसाहती निरनिराळ्या तपासल्या तेव्हां हाड करण्याची शक्ति सर्वांत दिसली. कूर्चा करण्याची शक्ति मात्र थोड्यांतच दिसली. म्हणजे एकाच माणसाच्या, एकाच हाडांतल्या, एकाच पात्रांत चिकटलेल्या पेशी गुणांनीं सारख्या नव्हत्या.

आतां माझ्या धंद्याच्या दृष्टीनें जो भाग सर्वांत मनोरंजक, तो सांगतों. आपल्या नैयायिकांनीं लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. गाय म्हणजे कपिला रंगाचें जनावर म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. गाय म्हणजे शिंगें असलेलें जनावर म्हटलें तर म्हैस आंत येते, ही अतिव्याप्ति. आणि गाय म्हणजे एकाच खुराचें जनावर म्हटलें तर एकहि गाय त्यांत बसत नाहीं, हा असंभव. पेशी-उपचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००६ सालीं या पेशींचें लक्षण तीन कलमांत बांधून दिलें. पेशी प्लॅस्टिकच्या तळाला चिकटली पाहिजे. तिच्या अंगावर सी.डी. ७३, ९० व १०५ या खुणा असल्या पाहिजेत आणि रक्ताच्या पेशींच्या ठराविक खुणा नसल्या पाहिजेत. आणि पात्रांत तिच्यापासून हाड, कूर्चा व मेद हे तीनहि प्रकार होतां आले पाहिजेत. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांना एकमेकांशीं एका भाषेंत बोलतां यावें, एवढा या लक्षणाचा माफक हेतु होता, आणि तो बऱ्याच अंशीं सफलहि झाला. परंतु कातडींतल्या साध्या तंतुपेशींवरहि याच खुणा आढळतात. म्हणजे म्हैस आंत आलीच. शिवाय हें लक्षण पेशी पात्रांत कशी दिसते व तेथें काय करते एवढेंच सांगतें, रोग्याच्या शरीरांत ती काय करील याविषयीं तें मुकें आहे. गाईचें लक्षण सांगितलें. ती दूध किती देईल हें सांगितलें नाहीं.

खुद्द त्याच संस्थेनें आदल्या वर्षीं, म्हणजे २००५ सालीं, यांतल्या सगळ्याच पेशींना मूलपेशी म्हणूं नये, आधारपेशी अशा अर्थाचा शब्द वापरावा, असें सुचविलें होतें. पण इंग्रजी आद्याक्षरें दोन्ही नांवांचीं तींच राहिल्यामुळें जुनें नांव कोणी सोडलें नाहीं. पुढें २०१७ सालीं तर ज्यांनीं बारसें केलें त्या कॅप्लन यांनींच हें नांव आतां बदला असा लेख लिहिला. या पेशी शरीरांत जाऊन नवें हाड किंवा नवी कूर्चा होऊन बसतात असें नव्हे, तर आसपासच्या पेशींना औषधासारखे संदेश देतात, आणि म्हणून मूलपेशी हा शब्द लोकांची दिशाभूल करतो, असें त्यांचें म्हणणें. ठेवलेलें नांव परत घेण्याचा मोठेपणा थोड्यांच्या अंगीं असतो. पण तोंवर तें नांव जगभरच्या पाट्यांवर रंगवून झालें होतें.

या पेशींत भेद तरी किती प्रकारचे असावेत? पहिला भेद दात्याचा. फिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं १७ निरोगी दात्यांच्या मज्जेंतील पेशी वाढवून पाहिल्या. वाढीच्या वेगांत व हाड करण्याच्या शक्तींत त्यांना मोठा फरक आढळला. एवढेंच नव्हे, तर एकाच दात्याकडून निरनिराळ्या वेळीं घेतलेल्या पेशींतहि फरक आढळला. दुसरा भेद स्थानाचा. रोम येथील पाओलो बिआंको यांच्या परंपरेंतील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं दाखविलें कीं, मज्जेंतील, स्नायूंतील व नाळेच्या रक्तांतील या नामधारी पेशी प्रयोगाला लावल्या असतां आपापल्या मूळ स्थानाला साजेसेंच काम करतात. ठाण्याच्या आणि नागपूरच्या देशपांड्यांना एकाच कुळांतले समजून पत्रिका जुळवावी, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरा भेद संगोपनाचा. मूळच्या मूठभर पेशींच्या कोट्यवधि केल्याशिवाय औषध होत नाहीं, आणि त्या वाढवाव्या लागतात पात्रांत. येथें मला आमच्या घरच्या विरजणाची आठवण होते. एका चमच्यावर भांडेंभर दहीं लागतें, त्याच्या चमच्यावर दुसरें, पण दूध कोणतें, ऊब किती, आणि विरजण कितव्या दिवसाचें यावर चव ठरते. फार दिवस तेंच चालविलें तर एके दिवशीं दहीं आंबूस, तार सुटणारें होतें. पेशींनाहि पोषक द्रव म्हणून वासराच्या गर्भाच्या रक्ताचा अंश घालावा कीं माणसाच्या रक्तकणिकांचा अर्क घालावा यानें फरक पडतो. पेशींच्या फार पिढ्या वाढविल्या तर त्या म्हाताऱ्या होऊन विभागेनाशा होतात. २००६ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगांत तर असें दिसलें कीं, तळ मेंदूसारखा मऊ ठेवला तर या पेशी मज्जातंतूच्या पेशींच्या वळणावर जातात, आणि हाडाच्या कोवळ्या घडणीइतका ताठ ठेवला तर हाडाच्या वळणावर. ज्याच्या शेजारीं बसावें त्याचा गुण लागावा, ही म्हण माणसांपुरतीच खरी नव्हे. यापुढें गोठविण्याचा प्रश्न आहे. अतिशीत पेटींत ठेवलेल्या पेशी वितळवून लगेच वापरल्या तर त्यांची रोगप्रतिकारशक्तीला आंवरण्याची ताकद कमी झालेली असते, असें २०१२ सालीं दाखविलें गेलें. कांहीं काळ पुन्हां पोषणांत ठेवल्या तर ती परत येते.

हा सारा भेद केवळ पंडितांच्या चर्चेपुरता असता तर मीं लेखणी उचलली नसती. त्याची किंमत रोगी देतात. रक्ताच्या कर्करोगासाठीं दुसऱ्याची मज्जा रोपली म्हणजे कधीं कधीं आलेल्या पाहुण्या पेशी घरधन्यावरच उठतात. कातडी, आंतडीं, यकृत यांवर हल्ला होतो, आणि स्टेरॉइडनें तो आंवरला नाहीं तर रोगी सहसा वांचत नाहीं. २००४ सालीं स्टॉकहोम येथें कॅटरिना ले ब्लांक व त्यांचे सहकारी यांनीं अशा अवस्थेंतील नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आईच्या मज्जेंतील या पेशी दिल्या आणि मुलगा आश्चर्यकारक रीतीनें सुधारला. २००८ सालीं ५५ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांतील ३० जणांचा रोग पूर्णपणें हटला होता. पण अमेरिकेंत एका कंपनीनें याच पेशींचें औषध करून मोठी तुलनात्मक चाचणी घेतली, तेव्हां २००९ सालीं असें जाहीर झालें कीं, निष्क्रिय द्रव दिलेल्या रोग्यांहून या औषधाचा गुण निर्णायकपणें जास्त दिसला नाहीं.

मग खरें कोणाचें? जाणत्यांनीं मागाहून कारणें शोधलीं तीं विचार करण्यासारखीं आहेत. युरोपांतल्या रुग्णालयांत थोड्या पिढ्यांच्या पेशी वापरल्या जात. कारखान्यांत एका दात्यापासून हजारों मात्रा काढावयाच्या म्हणजे पिढ्या वाढवाव्या लागतात, व सर्व माल गोठवून ठेवावा लागतो. नांव एकच, पण वस्तु कदाचित् दोन होत्या. लहान मुलांना गुण येतो असें दिसल्यामुळें कॅनडानें २०१२ सालीं या औषधाला सशर्त परवानगी दिली. जपाननें २०१५ सालीं त्याच जातीच्या औषधाला मान्यता दिली. अमेरिकेच्या औषध-खात्यानें मात्र २०२० सालीं आणि पुन्हां २०२३ सालीं अर्ज परत पाठविला. औषधाची प्रत्येक घाणी सारख्याच ताकदीची आहे हें मोजून दाखवा, हा त्यांतला एक मुख्य आक्षेप होता. शेवटीं १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुलांपुरती मंजुरी मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली तींत ५४ मुलांपैकीं ३८ मुलांना २८ दिवसांत पूर्ण किंवा अंशतः गुण आला होता. उलट युरोपांत, आंतड्याच्या एका रोगांत होणाऱ्या भगंदरासाठीं चरबींतील पेशींचें जें औषध २०१८ सालीं मान्य झालें, तें पुढच्या मोठ्या चाचणींत न टिकल्यानें २०२४ च्या डिसेंबरांत बाजारांतून परत घेण्यांत आलें.

भेद कमी करण्याचे उपाय चालू आहेत. फ्रँकफुर्ट येथें आठ दात्यांची मज्जा एकत्र करून तींतून पेशी वाढविण्याची रीत काढण्यांत आली, म्हणजे एकाचें उणें दुसऱ्यानें भरून निघावें. आपल्या देशांत बंगळूर येथेंहि अनेक दात्यांच्या पेशींचें मिश्रण करून औषध बनविलें गेलें, आणि पायाचा रक्तप्रवाह बंद पाडणाऱ्या बर्जर रोगासाठीं त्याला २०१६ सालीं मर्यादित परवानगी मिळाली. कोणी पेशींना आधींच दाहाचा संदेश देऊन सज्ज करून पाठवितात. तर लंडनच्या शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं निराळेंच कारण पुढें आणलें. रोग्याच्या शरीरांतील मारक पेशी या पाहुण्या पेशींना ठार करतात, आणि त्या मरण्यांतूनच गुण येतो. ज्या रोग्यांच्या रक्तांत ही मारक शक्ति नव्हती त्यांना गुण आला नाहीं. म्हणजे कित्येकदां भेद औषधांत नसून रोग्यांत असतो.

आतां मला हें सारें कां वाचावें लागलें तें सांगतों. माझे एक स्नेही आहेत, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाला जन्माच्या वेळीं प्राणवायु कमी पडून मेंदूला इजा झाली; तो चालत नाहीं, त्याचें बोलणें आईलाच तेवढें कळतें. एके दिवशीं ते गुळगुळीत कागदावर छापलेलें एक माहितीपत्रक घेऊन आले. कोठल्याशा खाजगी दवाखान्याचें तें होतें. मूलपेशींचीं तीन इंजेक्शनें, आणि शेवटीं धांवणाऱ्या मुलाचें चित्र. "प्रोफेसर, तुम्हीं हें वाचा आणि मला सांगा," ते म्हणाले. "पैशांचें मी पाहतों. गांवाकडची जमीन आहे ती काढीन." वडिलोपार्जित जमिनीसंबंधीं इतक्या सहज बोललेलें वाक्य मीं पूर्वीं ऐकलें नव्हतें.

मीं कांहीं महिने वाचलें, एका डॉक्टर विद्यार्थ्याकडून समजावून घेतलें, आणि एका कागदावर पांच प्रश्न लिहून त्यांना दिले. पेशी कोणाच्या? शरीराच्या कोणत्या भागांतल्या? किती पिढ्या वाढविलेल्या? त्यांची ताकद कोणत्या कसोटीनें मोजलेली? आणि ही नोंदलेली चाचणी आहे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें ज्या उपचाराला मंजुरी नाहीं तो रीतसर चाचणींतच करावयाचा असतो, आणि चाचणींतल्या रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नसतात, हेंहि मीं खालीं लिहिलें. हेडमास्तर कागद घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशीं परत आले. पहिल्या दोन प्रश्नांना "उत्तम प्रतीच्या" असें उत्तर मिळालें होतें; तिसऱ्या-चौथ्याला "आमचें स्वतःचें तंत्र आहे" असें; आणि पांचव्याला हंसणें. जन्मभर मुलांचीं उत्तरें तपासलेल्या माणसाला त्यांना किती गुण द्यावयाचे हें मीं सांगण्याची गरज नव्हती. कागदाची घडी करीत ते एवढेंच म्हणाले, "तुमचे प्रश्न बरोबर होते हो. पण घरीं सुनेला काय सांगूं?"

या प्रश्नाला तर्कशास्त्रांत उत्तर नाहीं. जमीन विकली गेली नाहीं. मुलाचे व्यायाम एका सरकारी रुग्णालयांत नेमानें चालू आहेत. आतां तो धरून उभा राहतो. हेडमास्तर अजूनहि वर्तमानपत्रांतलीं कात्रणें घेऊन रविवारीं येतात, आणि आम्ही दोघे मिळून तीं वाचतों. "हें निराळें आहे का?" असें ते विचारतात, आणि मी शक्य तितका वेळ घेऊन मग उत्तर देतों. मुलाची आई मला काय म्हणत असेल तें मला ठाऊक नाहीं. आशेच्या वाटेंत उभा राहिलेला मनुष्य कितीहि खरें बोलला तरी त्याचें तोंड कोणाला आवडत नाहीं, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकारहि त्याला नाहीं.

तथापि या वाचनांतून मी निराश होऊन बाहेर पडलों असें मात्र वाचकांनीं समजूं नये. ज्या अस्थिरपणामुळें या पेशींचें औषध करणें कठिण झालें आहे, तोच त्यांचा गुणहि आहे. आसपास दाह असला तर त्या एक वागतात, नसला तर दुसरें. तळ मऊ असला तर एक, ताठ असला तर दुसरें. परिस्थितीचें म्हणणें ऐकून त्याप्रमाणें वागणें हें जिवंतपणाचेंच लक्षण आहे. औषधाची गोळी कोणाचेंच ऐकत नाहीं, म्हणून ती प्रत्येक वेळीं सारखी असते. जी वस्तु ऐकते ती बदलणारच. आणि अशा वस्तूचें औषध करावयाचें तर तिचें कूळ, तिचें संगोपन, तिचें वय आणि तिची परीक्षा या चारहि गोष्टी नांवासोबत लिहून द्याव्या लागतील. कलमें विकणारा माळीसुद्धां कलम कोणत्या झाडाचें तें सांगतो.

स्टॉकहोमचा तो नऊ वर्षांचा मुलगा बरा झाला हें खरें आहे, आणि मोठी चाचणी फसली हेंहि खरें आहे. या दोन सत्यांच्या मध्यें जी जागा आहे तेथें आज शेंकडों शास्त्रज्ञ धीमेपणानें काम करीत आहेत, आणि त्याच जागेंत कांहींजण दुकानें थाटून बसले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांच्या पाटीवर एकच नांव दिसतें. आंत जाण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावयास कोणीं भिऊं नये. खरा शास्त्रज्ञ त्या प्रश्नांनीं रागावत नाहीं, कारण तो स्वतःलाहि तेच प्रश्न रोज विचारीत असतो.